गवत कापायचं जुनं मशीन: दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

हंगामाच्या सुरुवातीला मशीन बाहेर काढलं, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तरी इंजिनानं हूं की चूं केलं नाही, की नवं घ्यायचा विचार डोक्यात शिरतो. माझ्या मते नवं घेण्याची ती वेळच नव्हे. जे सुरूच होत नाही ते मशीन बहुतेकदा थोडक्यात सुटतं. पहिल्या ओढीला सुरू होऊन थरथरणारं किंवा निळा धूर सोडणारं मशीन मात्र खड्ड्यात घालू शकतं.

सुरू न होण्यामागे पेट्रोल, ठिणगी आणि हवा हे तीन संशयित. त्यात माझा पहिला संशय पेट्रोलवर. महिना-दोन महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं, आणि मागे राहिलेला चिकटा कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. मी माझ्या मशीनच्या कार्बोरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाशी काकवीसारखा थर होता आणि वास जुन्या रंगाच्या डब्याचा. जेट उजेडाकडे धरला तर भोकातून काहीच दिसेना. क्लीनरचा स्प्रे मारला, तांब्याच्या बारीक तारेनं हलकेच मोकळं केलं (जाड तार घातली तर भोक रुंदावतं आणि मशीन कायमचं जास्त पेट्रोल पितं), ताजं पेट्रोल भरलं, ठिणगी पाडणारा प्लग बदलला. तिसऱ्या ओढीला चालू! आदल्याच दिवशी मी नव्याची किंमत विचारून आलो होतो.

प्लग, एअर फिल्टर, दोरी, तिची स्प्रिंग, पातं, चाकं, केबल, पट्टा यांचा खर्च या हिशेबात धरूच नये. नवं घेतलं तरी हे सगळं कधी ना कधी बदलावंच लागतं.

आता थरथरीचं. पातं दगडावर किंवा मुळावर आपटल्यानंतर ती सुरू झाली असेल, तर आधी प्लगची टोपी काढून बाजूला करा, मगच पात्याला हात लावा. पातं वाकलंय किंवा एका बाजूला जड झालंय एवढंच असेल तर नशीब समजा. आपटल्यापासून मशीन सुरूच होईना किंवा दोरी हाताला उलटा हिसका देऊ लागली, तर फ्लायव्हीलची छोटी चावी, म्हणजे इंजिनाचं जड चाक दांड्यावर जागेवर धरणारी खीळ, कातरली गेली असण्याची शक्यता असते. धक्का बसला की तुटावी म्हणून ती मऊ धातूची केलेली असते. ती स्वस्तात बदलून मिळते. पण टोपी काढलेलीच ठेवून दोरी सावकाश ओढताना पात्याचा मधला बोल्ट डुलताना दिसला, तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा, वाकलाय. तो ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. इंजिन अख्खं खोलायचं असेल, तर बहुतेक घरगुती मशीनच्या बाबतीत नवंच परवडतं.

निळ्या धुराला लगेच घाबरायचं कारण नाही. मशीन चुकीच्या अंगावर कलंडवलं की तेल कार्बोरेटरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये उतरतं. तसं झालं असेल तर काही मिनिटांत धूर विरतो. विरला नाही, तेल कमी होत राहिलं आणि मशीन चढावर दम तोडू लागलं, तर पिस्टनवरच्या रिंगा गेल्यात (झिजल्यात) असं समजा.

इंजिन ज्यावर बसतं तो पात्यावरचा पत्रा सडला असेल तर मात्र मी वाद घालत नाही, नवंच घ्या. मिनिटाला 3,000 फेरे घेणाऱ्या 53 सेंमी पात्याचं टोक ताशी सुमारे 300 किमी वेगानं फिरतं. इंजिनाच्या बोल्टपाशी भोकं पडलेल्या पत्र्यावर ते फिरवत बसायचं नाही, इंजिन कितीही गुणी असो.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवं घ्यावं, हा रूढ हिशेब ठीक आहे, फक्त तुलना कशाशी करता ते बघा. ओतीव ॲल्युमिनियमचं भक्कम जुनं मशीन आणि दुकानातलं सगळ्यांत स्वस्त पातळ पत्र्याचं मशीन यांची बरोबरी होत नाही. तुमच्या जुन्याच्या तोडीचं आज केवढ्याला पडेल, तो आकडा धरा. आणि इंजिनावरचा मॉडेल नंबर घेऊन सुटे भाग मिळतात का, ते आधी विचारा. मिळत नसतील तर पुढची आकडेमोड नकोच.

नवं घ्यायचंच ठरलं तर बॅटरीवरच्या मशीनचा मोह होतो, आणि छोट्या हिरवळीसाठी तो रास्तही आहे. आवाज कमी, आणि कार्बोरेटर नाही म्हणजे त्याची कटकटही नाही. मात्र काही वर्षांनी बॅटरी बसते, किमतीचा मोठा वाटा तिचाच असतो, आणि तोवर त्या घडणीची बॅटरी निघायची बंद झाली असेल तर धडधाकट मशीन नुसतं पडून राहतं. उंच, ओलं गवत आणि मोठं आवार असेल तर मी अजून पेट्रोलच घेईन.

मेकॅनिककडे देताना एवढं सांगा, की आधी कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) तपास, मग कार्बोरेटर खोल. उलट क्रमानं गेलं तर साफसफाईचे पैसे मोजून झाल्यावर कळतं, की रिंगाच गेल्यात.