आयॉनमध्ये फोल्डर आणि फाइलनावं बसवताना: शाहूपुरीतल्या छोट्या स्टुडिओचा अनुभव

आमचा स्टुडिओ कोल्हापुरात, शाहूपुरीत आहे. अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स, दोन्ही करतो. माणसं मोजकीच, त्यात निम्मी फ्रीलान्स. कुणी इचलकरंजीहून, कुणी जयसिंगपूरहून घरूनच काम करतं. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही आयॉन वापरतोय. यिनपुट कंपनीचं हे ओपन सोर्स पाइपलाइन सॉफ्टवेअर, म्हणजे एका टप्प्याच्या फाइल्स पुढच्या टप्प्याकडे नीट पोचवणारं, आधी ओपनपाइप म्हणून यायचं. इन्स्टॉलेशनबद्दल एवढंच सांगतो की सर्व्हर डॉकरवर चालतो, मागे पोस्टग्रेस डेटाबेस असतो, त्यामुळे लिनक्सची भीती नसलेला एक तरी माणूस ऑफिसात हवा. मला लिहायचंय ते फोल्डर आणि फाइलनावं ठरवणाऱ्या प्रोजेक्ट अ‍ॅनाटॉमी या एका भागाबद्दल. आमच्या कामात खरा फरक पडला तो तिथे.

कुस्तीवरची एक शॉर्ट फिल्म चालू होती. तालीम, हौदा (कुस्तीची मातीची जागा), लाल माती, खासबागेसारखं मैदान असे सेट. मराठी नावं रोमनमध्ये लिहायची म्हटली की प्रत्येकाची रीत वेगळी. आखाड्यातला ‘खा’ कुणी एका ‘ए’ने लिहितं, कुणी दोन ‘ए’ लावतं. हौद्याची तर तीन स्पेलिंगं सर्व्हरवर नांदत होती. त्यात शेपट्या: फायनल, फायनल न्यू, सरांनी बघितलेली. लायटिंगची मुलगी रात्री फोन करायची, “दादा, ह्यातली कुठली उघडू?” तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर फोल्डरमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

अ‍ॅनाटॉमीत तुम्ही पाथचे, म्हणजे फाइलच्या डिस्कवरच्या पत्त्याचे, साचे लिहून ठेवता. महिरपी कंसात जागा सोडायच्या, सॉफ्टवेअर त्या भरतं. कामाच्या फाइलचा मूळ साचा असा आहे: रूट (स्टोरेजचा सुरुवातीचा पत्ता), प्रोजेक्टचं नाव, वरची सगळी उतरंड, अ‍ॅसेट (पात्र, सेट, वस्तू) किंवा शॉटचं नाव, मग ‘वर्क’ नावाचा फोल्डर, त्यात टास्क, म्हणजे मॉडेल, रिग, लायटिंग असा कामाचा टप्पा. फाइलच्या नावात प्रोजेक्टचा छोटा कोड, अ‍ॅसेट, टास्क आणि व्हर्जन. आर्टिस्ट फक्त कशावर काम करायचंय ते निवडतो. नाव टाइप करायची वेळच येत नाही, म्हणून स्पेलिंगचा वादही उरत नाही. स्पेलिंग ठरतं एकदाच, अ‍ॅसेट तयार करताना, आणि ते काम आम्ही एकाच माणसाकडे दिलंय.

त्रिकोणी कंसाची सोय मला फार आवडली. त्या कंसातला भाग ऐच्छिक असतो. आर्टिस्टने शेरा लिहिला तर तो नावाला जोडला जातो, नाही लिहिला तर आधीची अंडरस्कोरसुद्धा गळून पडते. ‘सरांनी बघितलेली’ लिहायची हौस तिथे भागते आणि व्हर्जन नंबरला धक्का लागत नाही. व्हर्जन मुळात तीन आकडी, फ्रेम चार आकडी. पुढची शून्यं काढून टाकू नका. ती नसली की यादीत १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. शॉटही दहा-दहाच्या अंतराने ठेवा, ०१०, ०२०. एडिटरने मध्ये शॉट घातला की ०१५ टाकून मोकळं व्हायचं.

वर्क आणि पब्लिश वेगळे ठेवणं हा या सगळ्याचा कणा आहे. वर्कमध्ये प्रत्येकाने हवा तेवढा पसारा करावा. पण दुसऱ्याने वापरायचं ते फक्त पब्लिश मारलेलं, आणि ते आपल्या व्हर्जनच्या फोल्डरात जातं. लायटिंगला आता रिगरच्या (पात्र हलवायचा सांगाडा, म्हणजे रिग, बनवणाऱ्याच्या) वर्क फोल्डरात डोकवावंच लागत नाही, लोडर या फाइल उघडायच्या खिडकीत पब्लिश झालेली व्हर्जन्स समोर दिसतात.

आता लांबीचं. विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि आजही बरीच सॉफ्टवेअर्स तिथेच अडतात. पब्लिशच्या मूळ साच्यात अ‍ॅसेटचं नाव फोल्डरमध्ये एकदा येतं, फाइलमध्ये पुन्हा येतं. प्रॉडक्टच्या, म्हणजे मॉडेल, रिग अशा पब्लिश होणाऱ्या मालाच्या, नावाचंही तसंच. म्हणजे ‘पन्हाळा तीन दरवाजा रात्र बाहेरून’ असं तीस अक्षरांचं नाव ठेवलंत, तर त्या एका नावानेच साठ अक्षरं खाल्ली. आम्ही अ‍ॅसेटच्या नावाला बारा अक्षरांची हद्द घातली आणि साच्यात टास्कच्या पूर्ण नावाऐवजी त्याचं लघुरूप घेतलं. दिवस-रात्र, आतून-बाहेरून हे नावात भरायचं नाही, ते व्हेरियंटला, म्हणजे पब्लिश करताना द्यायच्या उपनावाला, जातं.

छोट्या नावांना सुरुवातीला कुरकुर झाली, ‘टीडीडब्ल्यू’ म्हणजे काय ते नव्या पोराला कसं कळणार? त्याला उपाय आहे. आयॉनमध्ये नाव आणि लेबल वेगळं असतं. नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, डॅश, टिंब एवढंच चालतं. लेबलला ते बंधन नाही. आमच्याकडे पडद्यावर सरळ ‘तीन दरवाजा’ असं देवनागरीत दिसतं आणि डिस्कवर मात्र रोमन. मराठी स्टुडिओला याहून मोठी सोय मला तरी माहीत नाही. देवनागरी फाइलनावं हौसेनं ठेवून बघणाऱ्यांना ठाऊक असेल, एखादं प्लगइन किंवा जुनी स्क्रिप्ट कुठे ना कुठे आडवी येतेच.

रूटचा फायदा आम्हाला यंदा कळला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी आलेलं आम्ही बघितलंय, त्यामुळे स्टोरेज तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरलंच होतं. नवा नॅस (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज) बसवला, शेअरचा पाथ बदलला. आयॉन पब्लिश झालेल्या फाइलचा पाथ रूटच्या जागी खूण ठेवून नोंदवतं. म्हणून अ‍ॅनाटॉमीत रूटची ओळ बदलली आणि जुनी व्हर्जन्स लोडरमध्ये जशीच्या तशी उघडली. विंडोज, लिनक्स, मॅक, तिघांचे पाथ वेगवेगळे लिहिता येतात. घरून काम करणारा स्वतःच्या मशीनपुरता वेगळा ड्राइव्हही देऊ शकतो. मात्र सीनच्या आत पूर्ण पाथ कोरलेला असेल, समजा हाताने जोडलेलं टेक्स्चर, तर ते आपोआप बदलत नाही. ते एकेक उघडून दुरुस्त करावं लागतं.

हीरो व्हर्जनबद्दल माझं मत जरा कडक आहे. व्हर्जन नंबर नसलेली ही प्रत कायम ताजी राहते, नवीन पब्लिश आलं की तिच्यावरच लिहिलं जातं. लाल मातीचं मैदान, मागचे डोंगर अशा सेटला ती उत्तम. पैलवानाच्या रिगला अजिबात नको. अ‍ॅनिमेटर शॉटच्या मध्यावर असताना खालून रिग बदलली तर त्याच्या कीज (हालचालीच्या नोंदी) कुठे जातील ते सांगता येत नाही. रिगला नंबरच हवा, आणि तो कधी वर न्यायचा ते अ‍ॅनिमेटरने ठरवावं.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या: पहिली फाइल पडण्याआधी साचा ठरवा. प्रोजेक्ट तयार होताना अ‍ॅनाटॉमी प्रीसेटवरून (आधी जपून ठेवलेल्या नमुन्यावरून) उचलली जाते. नंतर प्रीसेट बदललात तरी चालू प्रोजेक्टला ते लागत नाही, त्या प्रोजेक्टची अ‍ॅनाटॉमी वेगळी बदलावी लागते. आणि ती बदललीत तरी जुन्या फाइल्स हलत नाहीत. पब्लिशचं ठीक आहे, त्यांचा पाथ नोंदलेला असतो. पण वर्क फाइल्सचं टूल साच्यावरूनच फोल्डर शोधतं, त्यामुळे जुनी कामं तिथून दिसेनाशी होऊ शकतात. असतात डिस्कवरच, पण आर्टिस्टच्या पोटात गोळा येतो. आम्ही आता प्रत्येक कामाआधी एक खोटा शॉट बनवून तो मॉडेलपासून कॉम्पपर्यंत (सगळे थर एकत्र जोडायच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत) पब्लिश मारत नेतो, विंडोजवर आणि लिनक्सच्या रेंडर मशीनवर. लिनक्सला मोठं-छोटं अक्षर वेगळं असतं, विंडोजला नसतं, ही भानगड त्या एका शॉटमध्येच बाहेर येते.

मालिकेचं काम आलं तेव्हा मात्र साच्याला हात लावावा लागला नाही. फिल्मला सीक्वेन्स आणि शॉट, मालिकेला त्याच्या वर एपिसोड. उतरंड कितीही खोल असली तरी ती एकाच जागेत बसते. क्लायंटला फाइलनावं त्यांच्या पद्धतीची हवी होती, त्यासाठी डिलिव्हरीचा वेगळा साचा लिहिला. द्यायच्या प्रती त्या नावाने वेगळ्या फोल्डरात निघतात, आपलं पब्लिश जागच्या जागी राहतं. पूर्वी हेच काम एक जण रात्री बसून फाइलगणिक नाव बदलत करायचा.

चार माणसांच्या आत टीम असेल आणि काम फक्त जाहिरातींचं असेल तर एवढा सर्व्हर सांभाळायला लागू नका, नीट लिहिलेला एक कागद आणि शिस्त पुरेल. पण फ्रीलान्स माणसं येत-जात असतील आणि काम महिनोन्महिने चालणार असेल तर घ्या. पहिला आठवडा एकही शॉट न करता नुसत्या अ‍ॅनाटॉमीला द्या, आणि त्या बैठकीला लायटिंगवाल्यांना आवर्जून बसवा. फाइल शोधायची वेळ सगळ्यात जास्त त्यांच्यावर येते.