होयसळ मूर्तीतला मका की तेरची हस्तिदंती बाहुली?

आपल्याकडं ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, कर्नाटकात सोमनाथपूरच्या १३व्या शतकातल्या होयसळ राजांच्या काळच्या मंदिरात मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस हाय, आणि मका तर मूळचा अमेरिकेतला, म्हणून भारतीय लोक कोलंबसच्या आधीच अमेरिकेला जाऊन आले म्हणायलेत. हा दावा कार्ल जोहान्सन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९८९ च्या सुमारास गाजवला. दाण्यांच्या ओळी खरंच कणसासारख्या दिसतात, ते मान्य. पण मका शेतात पिकला तर दाणे, कणसाचे बुरखुंडे, परागकण असं कायतरी मातीत राहतंच ना, आणि १४९२ च्या आधीचं तसलं पक्कं काहीच आपल्याकडं सापडलेलं नाही. बरेच अभ्यासक त्याला मोत्यांनी मढवलेलं ‘मुक्ताफळ’ नावाचं कल्पित फळ म्हणतात.

आता परदेशाशी जुन्या संबंधाचा पक्का पुरावा बघायचा तर धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर बघा. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक पुस्तकात गुजरातच्या भरुच बंदराहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे तेर, आणि तिथून जाडंभरडं कापड, मलमल भरुचला जायची असं लिहिलंय. तेरला हस्तिदंती बाहुली सापडली, तिच्याशी जुळणारी हस्तिदंती बाईची मूर्ती १९३८ ला इटलीत पाँपेईत निघाली, आणि ते शहर इ.स. ७९ लाच ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं, त्यामुळं तारखेचा वादच नाही. लेखी पुरावा, वस्तू, तारीख तिन्ही जुळतात!

म्हणून मी तेरच्या बाजूनं, आणि पोरांना आधी तिथलं लामतुरे संग्रहालय दाखवा असंच म्हणीन. सोमनाथपूरकडं जुन्या थरात एक जळका मक्याचा दाणा जरी निघाला तर मी तेही लगेच मानीन.