बांधलेला पगार की तासाचा दर?

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्टला (आपल्याकडचा फिजिओथेरपिस्ट) बांधलेला पगार देता येतो. त्याच्या सहाय्यकाला सहसा तासाचा दर, आणि आठवड्यात 40 तासांपुढे दीडपट. रुग्ण आला नाही तरी पगारदाराचे पैसे कापले जात नाहीत. तासावाल्याला अशा वेळी लवकर घरी पाठवतात.

खरी गोम जेवणाच्या सुट्टीत आहे. ती 30 मिनिटं बिनपगारी धरायची तर कामातून पूर्ण मोकळीक हवी, असा संघराज्याचा नियम. डबा खाता खाता नोट्स लिहिणं, मधेच उठून रुग्णाचा हॉट पॅक (शेकाची गरम पिशवी) काढणं, हे कामच. तरी हजेरीचं सॉफ्टवेअर अर्धा तास आपोआप कापतं; पाच दिवसांत अडीच तास बुडतात. त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागा. पगारदाराला त्या नोट्सचे वेगळे पैसे नाहीतच, म्हणून दिवसाला रुग्ण किती, हे करारातच लिहून घ्यावं.