एलएम३८८६ अँप आणि ५५३२ प्रीअँप काही महिने वापरल्यावर: कोणते पार्ट बदलून खरंच फरक पडला

सेटअप असा: एलएम३८८६ या पॉवर अँप आयसीचा बिनब्रँड, दोन चॅनलचा बोर्ड, त्याआधी एनई५५३२ या ऑप-अँप आयसीचा (पुढे नुसती ५५३२) टोन कंट्रोलवाला प्रीअँप, १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर. इंदूरचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही यावर निघाले. बोर्ड पैसे वसूल आहे. मात्र जेल रोडच्या (इंदूरचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) काउंटरवर मिळणारा ठरलेला सल्ला, "आयसी बदला, ऑडिओ ग्रेड कंडेन्सर टाका, आवाज खुलेल", अर्धाच खरा आहे.

सगळ्यात मोठा फरक आयसीने पाडला नाही, व्हॉल्यूमच्या पॉटने (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) पाडला. प्रीअँपच्या बोर्डावर १०० केचा (के म्हणजे किलोओहम) पॉट होता आणि त्याचा मधला पाय सरळ ५५३२ च्या इनपुटला जोडलेला. ५५३२ चा बायस करंट (इनपुटच्या पायातून सतत वाहणारा छोटा करंट) साधारण २०० नॅनोअँपिअर असतो. पॉट मध्यावर असताना समोर २५ के दिसतात, म्हणजे ५ मिलिव्होल्ट डीसी, आणि नॉब फिरवताना ऐकू येणारी खरखर तिथूनच येते. नवा पॉट टाकला तरी ती परत येते. हिसचंही (मागे सतत ऐकू येणारी सूं) तेच. ५५३२ चा स्वतःचा नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, पण २५ केचा नॉइजच २० च्या घरात जातो आणि वर आयसीचा करंट नॉइज त्या रेझिस्टन्सवर आणखी भर घालतो. गणित केलं तर १०० केच्या पॉटमागे ५५३२ आणि स्वस्त टीएल०७२ ऑप-अँप जवळपास सारखेच पडतात. १० केचा पॉट, मधल्या पायानंतर २.२ मायक्रोफॅरड पॉलिएस्टर आणि इनपुटवरून ग्राउंडला ४७ के, एवढं केलं की त्या टप्प्याचा हिस हिशेबाने १० डेसिबलच्या आसपास उतरतो आणि खरखर बंद होते. सोर्स जुना ट्यूबचा असेल तर १० के त्याला जड जाईल. फोन किंवा डॅकला (डिजिटलचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) काही अडचण नाही.

हिस तपासायला आधुनिक, स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांची विलंबित लावून तंबोऱ्यामागची सूं ऐकण्याचा मोह इंदुरात आवरत नाही, पण ती सूं बहुतेक वेळा टेपचीच असते.

५५३२ च्या जागी ओपीए२१३४ किंवा एलएम४५६२ लावल्यावर "आवाज मोकळा झाला" किंवा "तीक्ष्ण झाला" असं सांगणाऱ्यांनी आधी आयसीला बोट लावून बघावं. सप्लायच्या पायांलगत १०० नॅनोफॅरड नसतील तर वेगवान आयसी ऑसिलेट होतो (आपोआप कंप पावू लागतो), गरम होतो आणि वरचे स्वर खरबरीत लागतात. दोष लेआउटचा, नाव आयसीचं. दुसरी भानगड नकली मालाची. एकटी आयसी ±१५ व्होल्टवर लावून करंट मोजा: खरी ५५३२ साधारण ८ मिलिअँपिअर घेते. तीन-साडेतीनच आला तर बहुधा वर ५५३२ छापलेली ४५५८ (साधी, स्वस्त ऑप-अँप) तुमच्या हातात आहे.

कंडेन्सरमध्ये महाग ब्रँडपेक्षा जात आणि किंमत बघा (रुपयांची नाही, मायक्रोफॅरडची). टोन कंट्रोलमधले सिरॅमिक एक्स७आर काढून पॉलिएस्टर घालणं सार्थकी लागलं. एक्स७आरची कपॅसिटी त्यावरच्या व्होल्टेजबरोबर बदलते, म्हणजे डिस्टॉर्शन. शिवाय पेन्सिलीने टकटक केलं तर ती स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. पिकोफॅरडच्या जागी सी०जी (स्थिर जातीचा सिरॅमिक) चालेल. पॉवर बोर्डाच्या इनपुटचा १ मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक काढून पॉलिप्रॉपिलिन लावल्यावर मात्र काहीही बदललं नाही. पुढे २२ के आहेत, कटऑफ (ज्याखाली बेस घटतो) ७ हर्ट्झ, कंडेन्सरवर सिग्नल उरतोच कुठे? त्याच जागी ०.१ असता तर ७२ हर्ट्झखालचा बेस गेला असता. फीडबॅकमध्ये १ केबरोबर १० मायक्रोफॅरड होता, म्हणजे १६ हर्ट्झ. तिथे १०० मायक्रोफॅरड लावला. ३० हर्ट्झवर एक डेसिबल परत मिळतो, पण छोट्या स्पीकरवर तो कळणार नाही, सबवूफर लागेल.

घूं येत असेल तर पार्ट नका बदलू, वायर बदला. ब्रिजपासून (एसीचं डीसी करणारे डायोड) फिल्टर कंडेन्सरपर्यंतच्या ग्राउंड वायरमध्ये १०० हर्ट्झचे झटके धावत असतात, तिथून प्रीअँपचं ग्राउंड उचलू नका. दोन्ही कंडेन्सरांचा मधला बिंदू, त्यावरून एक छोटी वायर, आणि तिच्या टोकाला स्पीकर व सिग्नलचं ग्राउंड. ४७०० मायक्रोफॅरडवर एक अँपिअर ओढला की रिपल (डीसीवरचा चढउतार) २ व्होल्ट होतो. १०,००० वर एक. ट्रान्सफॉर्मर ईआय (ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांचा, चौकोनी) असेल तर स्क्रू कसण्याआधी चालू ठेवून फिरवून बघा, घूं एका कोनात हमखास कमी होते.

मे महिन्यात जोरात वाजवताना कडकड आली तर ती बहुधा एलएम३८८६ चं अंतर्गत संरक्षण आहे. मोठा हीट सिंक लावा. त्याच्या शेजारचे कंडेन्सर १०५ डिग्रीचेच घ्या. २००० तासांचा ८५ डिग्रीवाला ६५ डिग्रीत ८००० तास टिकेल, १०५ वाला ३२,०००.

तुलना करायची तर ४०० हर्ट्झची साइन वाजवा, टर्मिनलवर मल्टिमीटर लावा आणि दोन्ही वेळी २ व्होल्टला २० मिलिव्होल्टच्या आत जुळवा. जोरात वाजणारा पार्ट नेहमीच चांगला वाटतो.

एक तक्रार शिल्लक आहे. रात्री हळू आवाजात एक बाजू थोडी पुढे राहते, कारण स्वस्त ड्युअल पॉटचे दोन भाग सुरुवातीच्या पट्ट्यात सारखे चालत नाहीत. मल्टिमीटर सोबत न्या, पाव फेरीवर ग्राउंडपासून मधल्या पायापर्यंत दोन्ही भाग मोजा आणि १० टक्क्यांच्या आत जुळणारा नग उचला. दुकानदार कुरकुरेल, पण डबा पुढे करतो.