क्रोम डेव्हटूल्स: कुकीचा माग काढायला उत्तम, पण कोऱ्या रकान्याचं काय?

लॉगिन होतं, पुढचं पान उघडतं आणि युजर पुन्हा बाहेर. अशी तक्रार आली की आमच्या टीममधले सगळे आधी डेव्हटूल्सच्या (क्रोममधल्या, वेबसाइट तपासायच्या साधनाच्या) ॲप्लिकेशन टॅबकडे धावतात. तिथला कुकीजचा (म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींचा) तक्ता चांगलाच आहे. डोमेन, पाथ, एक्स्पायरी, सिक्युअर, सगळं एका नजरेत. पण त्यात ब्राउझरने ठेवून घेतलेल्याच कुकीज दिसतात. जिला दारातूनच परत पाठवलं, तिचा मागमूसही नसतो.

खरा उलगडा होतो नेटवर्क टॅबमध्ये. रिक्वेस्ट (ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली मागणी) निवडा, तिचा कुकीज हा उपटॅब उघडा आणि 'शो फिल्टर्ड आउट रिक्वेस्ट कुकीज'वर टिक करा. न गेलेल्या कुकीज पिवळ्या ओळीत येतात, शेजारच्या चिन्हावर माउस नेला की कारणही कळतं. ही टिक आधीपासूनच चालू का नसते, देव जाणे.

मध्यंतरी आमच्याकडे पेमेंट गेटवेवरून परतताना सेशन (लॉगिन झालेलं असणं) उडायचं, तेही कधीकधीच. गेटवे पोस्टने (फॉर्म पाठवतात तशा रिक्वेस्टने) परत पाठवत होता आणि सेशन कुकीवर सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जाऊ द्यायची का ते सांगणारी खूण, लिहिलेलंच नव्हतं. २०२० पासून क्रोम अशी कुकी लॅक्स धरतो, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ती जात नाही. मात्र कुकी सेट होऊन २ मिनिटं उलटली नसतील तर जाऊ देतो! टेस्टर लॉगिन करून लगेच पैसे भरायचा, त्याचं काम व्हायचं. ग्राहक कार्ड शोधत बसला की संपलं. सेमसाइट नन (कुठूनही आलेल्या रिक्वेस्टबरोबर जाऊ दे) आणि जोडीला सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर) लावल्यावर प्रकरण मिटलं. (सीएसआरएफ टोकन, म्हणजे दुसऱ्या साइटने युजरच्या नावाने पाठवलेली खोटी रिक्वेस्ट ओळखायची खूण, आधीपासून होतं म्हणून. नसेल तर सरसकट नन करू नका.)

माझी तक्रार इथेच आहे. अशा कुकीसमोर सेमसाइटचा रकाना चक्क कोरा असतो. ब्राउझर तिला लॅक्स धरतोय, तर तसं लिहायला काय हरकत? कुकी कधी तयार झाली तेही तक्त्यात नाही. फायरफॉक्सच्या स्टोरेज इन्स्पेक्टरमध्ये ती वेळ पाहता येते, त्यामुळे अशा वेळी मी तोही उघडून ठेवते.

तरी पाचपैकी चार. नाकारण्याचं कारण इतक्या सरळ सांगणारं साधन रोजच्या वापरात हवंच. फक्त 'प्रिझर्व्ह लॉग' चालू ठेवा, नाहीतर गेटवेवरून परत येईपर्यंत आधीच्या रिक्वेस्ट पुसल्या गेलेल्या असतात.