दोषांसकट संत : चर्चच्या टेबलावरच्या संतचरित्रांचा संच

भुसावळ परिसरात रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, चर्चच्या दाराशी पुस्तकांचं टेबल लागतं. तिथे सध्या बारा छोट्या संतचरित्रांचा संच मिळतो. पूर्ण संच 150 रुपये, सुटी पुस्तिका 15 रुपये. पानं सोळा, मधोमध दोन पिना. आपल्याकडच्या उन्हाळ्याला पिनाच बऱ्या, कारण मे महिन्यात कपाटातल्या चिकटवलेल्या पुस्तकांचा गम सुटतो आणि पानं हातात येतात. अक्षर मात्र फारच बारीक आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवावं लागेल.

संच घ्यावाच, पण सगळ्या पुस्तिका सारख्या उतरलेल्या नाहीत. ज्यांत संताचा दोष शेवटपर्यंत राहू दिला आहे, त्या वाचून धीर येतो. ज्यांत तो दुसऱ्याच पानावर संपवला आहे, त्या वाचून आपण आणखीच लांब असल्यासारखं वाटतं.

पहिली घ्यायची ती संत मार्क जी तियानशियांग यांची. चीनमधले हे वैद्य, गोरगरिबांना फुकट तपासायचे. पोटाच्या दुखण्यावर अफू घेतली आणि तिचीच सवय लागली. दर वेळी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला जायचे, तेच पाप सांगायचे. शेवटी फादरांनी पापक्षमा देणं थांबवलं. माणूस मनापासून पश्चात्ताप करत असता तर पुन्हा तिकडे वळला नसता, अशी तेव्हाची समजूत. जवळपास 30 वर्षं त्यांना पापक्षमा, कम्युनियन असे चर्चचे संस्कार मिळाले नाहीत, तरी चर्च सोडलं नाही. 1900 मध्ये ख्रिस्ती असल्याबद्दल कुटुंबासह पकडले गेले. घरातलं कुणी एकटं मरू नये म्हणून ‘मला शेवटी मारा’ अशी विनंती त्यांनी केली. 2000 साली संतपद मिळालं. अफू सुटल्याचा उल्लेख पुस्तिकेत कुठेही नाही आणि लिहिणाऱ्याने तो ओढूनताणून आणलेला नाही, हे फार मोलाचं आहे. दारूने ग्रासलेल्या घरात ही पुस्तिका जरूर द्या, पण नुसती हातात ठेवून निघू नका. पिणारा त्यातून ‘चालतंय’ एवढंच उचलू शकतो. शेजारी बसून वाचा आणि व्यसनमुक्तीचे उपचार चालू ठेवा. व्यसन हा आजार आहे हे त्या फादरांना ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे.

संत कामिल यांचीही छान जमली आहे. जुगारात सगळं घालवलेला सैनिक, पायाची जखम जन्मभर न भरलेली. त्या जखमेमुळे कॅपुचिन संन्याशांच्या मठाने परत पाठवलं आणि त्याच जखमेमुळे ते रोममधल्या रुग्णालयात पोहोचले. पुढे रुग्णसेवेचा संघ काढला. दवाखान्यात ड्युटी करणाऱ्यांनी ही घ्यावी.

बाल येशूच्या संत तेरेझा प्रार्थनेत डुलक्या घेत, हे चरित्रात दिलं आहे. झोपलेलं लेकरूही आईबापांना तितकंच लाडकं असतं, हे त्यांचं उत्तरही आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला जपमाळेत पेंग येते, तिच्यासाठी एवढं पान पुरेसं आहे.

निराशा केली ती संत जेरोम यांच्या पुस्तिकेने. ‘स्पष्टवक्ते’ एवढ्यावर विषय संपवलाय. रुफिनस हा त्यांचा जुना मित्र. ओरिजेन या आधीच्या धर्मपंडिताच्या शिकवणीवरून दोघांचं इतकं फाटलं की तो वारल्यावरही जेरोमनी त्याला विंचू म्हटलं. रागीट माणसाला धीर द्यायचा तर हे झाकून कसं चालेल? बायबलचं लॅटिन भाषांतर याच माणसाने केलं, आणि तेही हाच स्वभाव घेऊन.

संत ऑगस्टीन यांचं चरित्र 387 च्या बाप्तिस्म्यावर संपतं. बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात खाण्याचा मोह, स्तुतीची आवड, नको ती स्वप्नं अजून आहेत असं ते स्वतः कबूल करतात. ती दोन पानं वाढवायला हवी होती.

प्रस्तावनेतलं एक वाक्य तर चुकीचंच आहे : संत म्हणजे निष्पाप. चर्च संतपद देताना सद्गुण वीराच्या तोडीने जगले की नाही हे तपासतं किंवा हौतात्म्य बघतं. 1983 पर्यंत तर उमेदवाराविरुद्ध आक्षेप मांडायला रोममध्ये खास अधिकारी असे. दोष लपवायचे असते तर हे पद ठेवलंच नसतं.

वाचायची पद्धत : त्या त्या संताच्या सणाच्या आठवड्यात एक पुस्तिका, जपमाळेनंतर. कामिल 14 जुलै, ऑगस्टीन 28 ऑगस्ट, जेरोम 30 सप्टेंबर, तेरेझा 1 ऑक्टोबर. दोषाचं पान आधी वाचा, मग दोन मिनिटं गप्प बसा, मग पुढचं. कुणाचा दोष कुणासारखा हे मोठ्याने बोलू नका. पोरं लगेच एकमेकांना चिडवतात आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. धडगाव-अक्कलकुवा भागात, जिथे घरात पावरी किंवा भिली बोलतात, तिथे जसंच्या तसं वाचू नका. वाक्यं फार लांब आहेत. आधी स्वतः वाचून आपल्या बोलीत सांगा.

पैसे कमी असतील तर मार्क जी, कामिल आणि तेरेझा या तीन सुट्या घ्या, 45 रुपयांत होतात. जेरोमची पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबवली तरी चालेल.