कॅसलमेन की व्हायॅला: एकच बघायची असेल तर

मेलबर्नला पाहुणे आले आणि त्यांतल्या कुणाला जुन्या बोटींचं वेड असलं, की हा प्रश्न निघतोच. बाथर्स्ट वर्गातली कॉर्व्हेट, म्हणजे ऑस्ट्रेलियात बांधलेली सुरुंग काढणारी छोटी युद्धनौका बघायची तर इथल्या इथे विल्यम्सटाउनला 'कॅसलमेन' बघावी, की दक्षिण ऑस्ट्रेलियात व्हायॅला गावी त्याच नावाची 'व्हायॅला' बघायला जावं? दुसऱ्या महायुद्धात अशा साठ बांधल्या, त्यातल्या संग्रहालय म्हणून उभ्या आहेत त्या या दोनच. कॅसलमेनवर मी चार-पाच वेळा गेलोय, व्हायॅलाला दोनदा. आता कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. पण ते माझ्यापुरतं आहे, तुमचं वेगळं असू शकेल.

कॅसलमेनला जाण्यात कष्ट काही नाहीत. विल्यम्सटाउनपर्यंत लोकल जाते, थोडं चाललं की जेम पिअर. बोट खऱ्या पाण्यात, दोरखंडांनी बांधलेली, आणि बाजूने लाँच गेली की पायाखाली किंचित हलते. लहान मुलं तिथेच खूश होतात. ज्या विल्यम्सटाउनच्या गोदीत ती १९४१ साली पाण्यात उतरली, त्याच विल्यम्सटाउनमध्ये ती आज उभी आहे. इंजिनरूममध्ये उतरलात तर घाई करू नका. शिड्या उभ्या आहेत, खाली तेलाचा जुना वास आहे आणि वाफेचं इंजिन इतकं जवळ की माणसं त्याच्या कडेकडेने कशी वावरत असतील ते लगेच कळतं. ऐंशी-पंच्याऐंशी जण एवढ्याशा जागेत जेवायचे, झोपायचे आणि पहाऱ्यावर जायचे.

आणि कॅसलमेनला 'आर्मिडेल' या त्याच वर्गातल्या बोटीची आठवण आहे. नोव्हेंबर १९४२ च्या अखेरीस या दोघी डार्विनहून तिमोर बेटावरच्या बेटानोकडे निघाल्या, तिथे अडकलेल्या सैनिकांना आणि पोर्तुगीज नागरिकांना आणायला. वाटेत विमानांचे हल्ले झाले, पोचायला उशीर झाला, आणि 'कुरू' नावाची छोटी बोट त्याआधीच माणसं घेऊन निघून गेली होती. सकाळी समुद्रात गाठ पडली. कुरूवरची माणसं कॅसलमेनने घेतली आणि ती डार्विनला परतली, आर्मिडेल मागे राहिली. १ डिसेंबरला दुपारी जपानी विमानांनी तिला बुडवलं. टेडी शीन हा अठरा वर्षांचा खलाशी जखमी अवस्थेत स्वतःला ऑर्लिकन तोफेला बांधून घेऊन बोट पाण्याखाली जाईपर्यंत गोळ्या झाडत राहिला. १४९ पैकी शंभर जण गेले. शीनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो २०२० साली, ऑस्ट्रेलियन नौदलातला पहिला. कॅसलमेनच्या डेकवर उभं राहून हे सांगताना दर वेळी माझा आवाज खाली येतो. त्या सकाळी माणसं जिच्यावर चढवली ती ही बोट, आणि म्हणून ती वाचली.

एवढं सगळं असून मला कॅसलमेनवर एक गोष्ट टोचत राहते. अर्धी बोट दिसतच नाही.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते बाबांनी. ते रत्नागिरीचे, मिरकरवाड्याच्या होड्या बघत वाढलेले. कॅसलमेनवर तास-दीड तास हिंडले, सगळं नीट बघितलं, आणि धक्क्यावर उतरल्यावर म्हणाले, "अरे, छान आहे. पण बोट बघितली असं नाही वाटत. होडी बघायची ती पावसाळ्याआधी वर ओढल्यावर. बुड बघितल्याशिवाय ती कशी चालते ते कळतं का?" तेव्हा मी नुसता हसलो. नंतर मात्र हीच गोष्ट डोक्यात घोळत राहिली.

कारण सुरुंग काढणाऱ्या बोटीची कथाच मुळी पाण्याखालची आहे. तळाशी वजनाला बांधलेला सुरुंग पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही हात अंतरावर तरंगत असतो. बोटीच्या मागून लांब तार सोडायची, तिच्या टोकाला लांबुडका तरंगा, तार बाहेरच्या बाजूला ताणून धरायला पंखासारखी फळी आणि ती ठरल्या खोलीवर राहावी म्हणून बोटीजवळ दुसरी. तार सुरुंगाच्या दोराला घासत जाते, दोर कापला की सुरुंग वर येतो आणि मग तो रायफलने फोडायचा. पण तार बोटीच्या मागे आणि बाजूला असते. साफ न केलेल्या पाण्यात ओळीतली पहिली बोट स्वतःच्या अंगानिशी शिरते. तिला वाचवतं ते तिचं उथळ बुड. बाथर्स्टचं बुड पाण्यात जेमतेम अडीच मीटरच्या आसपास जायचं. तरी युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४७ मध्ये, ग्रेट बॅरिअर रीफजवळ आपल्याच बाजूने पेरलेले सुरुंग काढताना 'वॉर्नाम्बूल' सुरुंगावर गेली आणि चार जण दगावले.

ते अडीच मीटर व्हायॅलाला समोर दिसतात.

व्हायॅला ही बोट समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत, हायवेला लागून, कोरड्या जमिनीवर उभी आहे. पहिल्यांदा लांबून दिसली तेव्हा पाण्याविना ती ओकीबोकी वाटली. जवळ गेल्यावर ते वाटणं गेलं. पुढची नाळ कुठे धारदार होते, पोट कुठे फुगतं, मागे सुकाणूपाशी बुड कसं वर उचललेलं आहे, हे एका फेरीत कळतं. बाबा तिथे आले तेव्हा आधी वर चढलेच नाहीत. बुडाच्या रेषेवरून हाताचं बोट फिरवल्यासारखं हवेत करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "ही शाकारलेली होडी आहे," म्हणाले. मला ते पटलं. आपल्याकडे वर काढलेली होडी कुणी मेलेली समजत नाही.

शिवाय ही बोट आपल्या गावी परत आलेली आहे. व्हायॅलाच्या गोदीत बांधलेलं हे पहिलं जहाज. युद्धानंतर ती 'रिप' या नावाने व्हिक्टोरिया सरकारच्या कामाला लागली, मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागराच्या तोंडाशी खडक फोडायला. १९८४ साली भंगारात जायची वेळ आली, तेव्हा गावच्या नगरपालिकेने ती पाच हजार डॉलरला घेतली. ती स्वतःच्या इंजिनावर घरी आली आणि १९८८ साली लोकांसाठी खुली झाली.

आणखी एक धागा आपल्याकडचा आहे. साठांपैकी चार कॉर्व्हेट रॉयल इंडियन नेव्हीसाठी बांधल्या होत्या: बॉम्बे, बेंगॉल, मद्रास, पंजाब. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानी छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या, तेव्हा बंदरात व्हायॅला होती आणि बॉम्बेही होती. त्या रात्री खलाशांच्या मुक्कामाच्या 'कटाबुल' बोटीवर एकवीस खलाशी गेले. त्या काळी रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरीकडची पोरं पुष्कळ असत. आज बॉम्बे उरलेली नाही. तिच्या शेजारी ती रात्र काढलेली बोट बघायची तर व्हायॅलालाच जावं लागतं. कॅसलमेन तेव्हा नौदलात दाखलही झाली नव्हती, ती आली सतरा जूनला.

व्हायॅलाची अडचणही सांगतो. अॅडलेडहून गाडीने चार तासांच्या वर लागतात आणि मेलबर्नहून तर तो दोन दिवसांचा बेत होतो. उन्हाळ्यात दुपारी लोखंड इतकं तापतं की कठड्याला हात लावून ठेवता येत नाही. 'रिप' असताना तोफा आणि बरंच आतलं सामान निघालं होतं, त्यामुळे खलाशांचं रोजचं जगणं बघायचं तर कॅसलमेन सरस, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. बरोबर लहान मुलं असतील किंवा हातात एकच शनिवार असेल, तर विल्यम्सटाउनला जा आणि इंजिनरूम चुकवू नका.

पण वेळ काढता येत असेल तर माझा कौल व्हायॅलाकडे झुकतो. आदल्या दिवशी वाटेतल्या पोर्ट ऑगस्टाला मुक्काम करा आणि सकाळी ऊन चढायच्या आत पोचा. डेकवर नंतर चढा. आधी खाली उतरून बोटीला एक प्रदक्षिणा घाला, सुकाणूपासून सुरू करून.